लिंफोमाच्या रुग्णांतील प्रतिपिंडे व प्रतिकारशक्तीचा ऱ्हास : एका विचाराचा इतिहास

प्रतिपिंड म्हणजे शरीराचा रक्षक, आणि रक्तात प्रतिपिंडे पुरेशी असली म्हणजे रोगप्रतिकारशक्ती शाबूत आहे, ही समजूत वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या मनात आरंभीच रुजते. लसीकरणाच्या यशाने ती दृढ केली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण सहसा पडत नाही. लसीका-ग्रंथींच्या कर्करोगाचा, म्हणजे लिंफोमाचा, इतिहास मात्र ह्या समजुतीला ठिकठिकाणी छेद देतो. ह्या रोगात प्रतिपिंडे कमी पडतात हे खरेच आहे. परंतु कित्येकदा ती विपुल असूनही निरुपयोगी असतात, कधी ती रुग्णाच्या स्वतःच्या तांबड्या पेशींवर उलटतात, कधी प्रतिकारयंत्रणेच्याच एखाद्या घटकाला निकामी करतात. आणि वैद्याने औषध म्हणून दिलेले प्रतिपिंड कर्करोग हटवीत असतानाच रुग्णाची नवी प्रतिपिंडे घडविण्याची शक्ती काढून घेते.

हे सर्व प्रकार निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या देशांत, बहुधा एकमेकांशी संबंध न जोडता, उजेडात आले. त्यांचा क्रम लावून पाहिला असता असे दिसते की, प्रतिपिंडे किती आहेत, ती कशाविरुद्ध आहेत आणि ती कोठून आली, हे तीन प्रश्न भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली तेथे निदान तरी चुकले किंवा उपचार तरी अपुरा पडला. ह्या विचाराचा विकास कसा झाला हे प्रस्तुत निबंधात मांडले असून, मराठवाड्यातील रुग्णांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ह्याचा विचार अखेरीस केला आहे.

१. ट्यूबरक्युलिनची साक्ष

लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस हॉजकिन ह्याने १८३२ मध्ये लसीका-ग्रंथी व प्लीहा ह्यांच्या विकृत वाढीचे सात रुग्ण वर्णिले. त्याच रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स ह्याने १८६५ मध्ये ह्या विकाराला हॉजकिनचे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पटविणाऱ्या प्रचंड पेशींचे वर्णन व्हिएन्नाच्या कार्ल श्टेर्नबर्ग ह्याने १८९८ मध्ये व बाल्टिमोरच्या डोरोथी रीड हिने १९०२ मध्ये केले. श्टेर्नबर्गच्या मते हा क्षयाचाच एक चमत्कारिक प्रकार होता. रीडने ते मत खोडून काढले. तिने दिलेल्या पुराव्यांत एक गोष्ट अशी होती की, ट्यूबरक्युलिन टोचले असता ह्या रुग्णांत क्षयरोग्यात दिसणारी प्रतिक्रिया उमटत नाही.

रीडचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु तिच्या निरीक्षणात तिने काढला त्याहून मोठा अर्थ दडलेला होता. हॉजकिनच्या रोग्याला खरोखर क्षय झालेला असला तरीही ट्यूबरक्युलिनची प्रतिक्रिया उमटत नाही, असे पुढील अर्धशतकात वारंवार आढळून आले. म्हणजे प्रतिक्रियेचा अभाव हा क्षयाच्या अभावाचा पुरावा नसून प्रतिकारशक्तीच्या अभावाचा पुरावा होता. लिंफोमातील प्रतिकारशक्तीच्या ऱ्हासाची ही पहिली नोंद होय. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, तिचा प्रतिपिंडांशी काहीच संबंध नव्हता. बॉस्टनच्या ॲलन आयझेनबर्ग व सिडनी लेस्कोविट्झ ह्यांनी १९६३ मध्ये हॉजकिनच्या रुग्णांत प्रतिपिंडे तयार होतात किंवा कसे हे तपासले, तेव्हा ती शक्ती बरीचशी टिकून असल्याचे दिसले. ज्या रुग्णांची त्वचा ट्यूबरक्युलिनला दाद देत नव्हती, त्यांचे रक्त लसीला दाद देत होते.

ह्या विसंगतीचा उलगडा होण्यास दोन शोध कारणीभूत झाले. १९६१ मध्ये जॅक मिलर ह्याने थायमस ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील स्थान दाखवून दिले. आणि १९६५ मध्ये मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन व रॉबर्ट गुड ह्यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की, प्रतिकारयंत्रणेच्या दोन शाखा आहेत. थायमसवर अवलंबून असणाऱ्या टी-पेशी ट्यूबरक्युलिनची प्रतिक्रिया घडवितात, तर बी-पेशींपासून प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी तयार होतात. एक शाखा खचली असताना दुसरी उभी असू शकते. ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ हे विधान म्हणूनच अपुरे ठरते. कोणती कमी झाली हे सांगावे लागते.

२. स्वतःवर उलटलेले प्रतिपिंड

प्रतिपिंडाची कल्पना १८९० मध्ये जन्मास आली. एमिल फोन बेरिंग व कितासातो शिबासाबुरो ह्यांनी त्या वर्षी बर्लिनमध्ये दाखविले की, धनुर्वाताचे विष पचविलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास वाचवू शकतो. रक्तरसातील हा अदृश्य रक्षक आपल्याच शरीरावर उलटला तर काय होईल, हा प्रश्न त्यामागून लगेच आला. पॉल एरलिख व यूलियस मॉर्गेनरोथ ह्यांनी बोकडांवरील प्रयोगांवरून १९०१ मध्ये असे प्रतिपादिले की, शरीर स्वतःला विषारी ठरेल असे काही करण्यापासून स्वतःस आवरते. एरलिखला ‘उलटणारी प्रतिपिंडे निर्माणच होऊ शकत नाहीत’ असे म्हणावयाचे नव्हते. त्यांना आवर घालणारी योजना शरीरात असली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे होते. परंतु त्याच्या शब्दाचे वजन असे की, पुढील पिढीने त्याचा नियम करून टाकला. १९०४ मध्ये व्हिएन्नाच्या युलियस डोनाट व कार्ल लांडश्टायनर ह्यांनी थंडीने लघवीतून रक्तद्रव्य जाणाऱ्या रोग्यांत स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवून दिले, तरी ते दीर्घकाळ अपवाद म्हणूनच मानले गेले.

ही कोंडी सुटली ती एका साध्या परीक्षेने. केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्झ, आर्थर मूरंट व रॉबर्ट रेस ह्यांनी १९४५ मध्ये अशी रीत प्रसिद्ध केली की, तांबड्या पेशींना प्रतिपिंड चिकटलेले असूनही ज्या पेशी एकमेकींस चिकटत नाहीत, त्या मानवी ग्लोब्युलिनविरोधी रक्तरस घालताच गोळा होतात. दुसऱ्याच वर्षी ह्या परीक्षेने उपजत कावीळ-पांडुरोग व मागाहून जडलेला पांडुरोग ह्यांतील भेद स्पष्ट झाला. मागाहून जडलेल्या विकारात पेशींवर रोग्याचे स्वतःचे प्रतिपिंड बसलेले असते. अशा रोग्यांत लिंफोमा व लसीकापेशींचा दीर्घकालीन रक्तार्बुद असलेल्यांचा भरणा लक्षणीय असल्याचे लवकरच दिसून आले.

तथापि ही उलटलेली प्रतिपिंडे कोण निर्माण करते, ह्याचे उत्तर एकच नाही. थंडीत तांबड्या पेशी गोठविणारे प्रतिपिंड हे बहुधा विकृत बी-पेशींच्या एकाच वंशाने घडविलेले असते. म्हणजे अर्बुदच ते निर्माण करते. शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत कार्य करणारे प्रतिपिंड मात्र बहुतेक वेळा रोग्याच्या निरोगी बी-पेशींकडून येते. अर्बुदाने यंत्रणेची शिस्त मोडल्यामुळे त्या बहकलेल्या असतात. पहिल्यात चोर बाहेरचा आहे, दुसऱ्यात पहारेकरीच फितूर झाला आहे. परिणामी रोग्याचा पांडुरोग वाढतो, त्याला जुळणारे रक्त मिळविणे कठीण होते, आणि उपचारासाठी द्यावी लागणारी स्टेरॉइडे उरलीसुरली प्रतिकारशक्तीही खाली आणतात. प्रतिपिंडाने केलेली हानी अशा रीतीने दुहेरी असते: एक प्रत्यक्ष, दुसरी तिच्या उपचारातून येणारी.

‘प्रतिपिंड आहे’ एवढे कळून भागत नाही, ‘कशाविरुद्ध’ हे कळले पाहिजे, ह्या तत्त्वाचा एक ठळक पुरावा महाराष्ट्रातच सापडला. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. तो पुढे ‘बाँबे रक्तगट’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी नेहमीच्या परीक्षेत ओ गटाच्या वाटतात. परंतु त्यांच्या रक्तरसात ओ गटाच्या पेशींवरही आघात करणारे एच-विरोधी प्रतिपिंड निसर्गतःच असते, म्हणून त्यांना ओ गटाचे रक्त देणेही जिवावर बेतते. ह्या कार्यातील एक सहकारी डॉ. एच. एम. भाटिया ह्यांच्याशी निगडित असलेले रक्तगट-निर्देश केंद्र मुंबईत १९५७ मध्ये सुरू झाले व त्यातूनच पुढे प्रतिरक्षा-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. स्वतःवर उलटलेल्या प्रतिपिंडांच्या अभ्यासास लागणारी रक्तरस-परीक्षेची परंपरा ह्या प्रांतात अशा प्रकारे लवकरच रुजली होती.

३. तूट आणि पूर

प्रतिपिंडे ही रक्तरसातील गॅमा ग्लोब्युलिन नामक प्रथिने होत, हे आर्ने टिसेलिअस व एल्व्हिन केबट ह्यांनी १९३९ मध्ये दाखविले, तेव्हापासून ती मोजता येऊ लागली. मोजता आल्यामुळे तूटही दिसू लागली. अमेरिकन लष्करी वैद्य ऑग्डेन ब्रूटन ह्याने १९५२ मध्ये वारंवार न्यूमोकॉकसचा संसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनचा संपूर्ण अभाव आढळल्याचे प्रसिद्ध केले. उपजत तुटीचे हे उदाहरण समोर येताच मागाहून उद्भवणाऱ्या तुटीकडेही लक्ष वळले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन उल्टमन व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन लसीकापेशी-रक्तार्बुद व लसीकापेशींचा सार्कोमा (त्या काळी लिंफोमाच्या एका गटाला हे नाव होते) ह्या रोगांत ग्लोब्युलिनच्या तुटीचे परिणाम तपशीलवार मांडले. अर्बुदाने व्यापलेल्या मज्जेत व ग्रंथींत निरोगी बी-पेशींना वाव राहत नाही, टी-पेशींची मदत मिळत नाही, आणि न्यूमोनियासारखे संसर्ग पुनःपुन्हा होतात. १९८८ मध्ये एका सामूहिक परीक्षणात, शिरेवाटे दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनाने अशा रक्तार्बुदाच्या रोग्यांतील जीवाणूजन्य संसर्ग कमी होतात, असे दिसून आले. तूट भरून काढता येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु तुटीचा सिद्धांत रूढ होत असतानाच त्याला छेद देणारे रोगही वर्णिले जात होते. स्वीडनच्या यान वाल्डेनश्ट्रोम ह्याने १९४४ मध्येच असे रोगी वर्णिले होते, की ज्यांच्या रक्तात एका प्रचंड आकाराच्या ग्लोब्युलिनची रेलचेल होती. नाकातून व हिरड्यांतून रक्तस्राव, अशक्तपणा व ग्रंथींची वाढ ही त्यांची लक्षणे. हे ग्लोब्युलिन म्हणजे आजच्या परिभाषेत एम वर्गाचे, एकाच पेशीवंशाचे प्रतिपिंड होय. रक्तात प्रथिनाचा पूर, पण तो सारा एकाच ठशाचा. उपयोगी पडेल असे विविध प्रतिपिंड मात्र दुर्मिळ. ज्याच्या कोठारात एकच धान्य भरले आहे, त्याच्या घरी दुष्काळ नाही असे म्हणता येत नाही.

ह्याहूनही उद्बोधक उदाहरण १९७४–७५ मध्ये पुढे आले. ग्लॉको फ्रिझेरा व सहकाऱ्यांनी, तसेच रॉबर्ट लूक्स व बार्बरा टिंडल ह्यांनी, ताप, पुरळ, सर्व शरीरभर वाढलेल्या ग्रंथी व पांडुरोग असलेला एक विकार वर्णिला. ह्या रोग्यांत प्रतिपिंडे एकाच ठशाची नव्हे, तर नाना प्रकारची व भरपूर होती. कूम्ब्झ परीक्षा अनेकांत होकारार्थी येई. आणि तरीही पुष्कळ रोगी संसर्गानेच दगावत. प्रथम ही प्रतिकारयंत्रणेची अतिरिक्त प्रतिक्रिया समजली गेली. कालांतराने उघड झाले की, बहुतेक रोग्यांत हा टी-पेशींचाच लिंफोमा आहे: बी-पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशींच्या एका जातीत अर्बुद उद्भवते आणि ते बी-पेशींना अखंड, अविवेकी चेतना देत राहते. आज्ञा देणाराच भ्रमिष्ट झाल्यावर सैन्याची संख्या वाढली तरी राज्याचे रक्षण होत नाही, तसा हा प्रकार आहे. ‘किती’ ह्या एका प्रश्नावर प्रतिकारशक्तीचा निवाडा करू नये, ही शिकवण ह्या विकाराइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल.

४. अडथळा आणणारी प्रतिपिंडे

प्रतिपिंड कर्करोगालाच साहाय्य करू शकेल, ही कल्पना प्रथम उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आली. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत नेथन कॅलिस ह्याने १९५० च्या दशकात दाखविले की, काही परिस्थितींत अर्बुदाविरुद्धची प्रतिपिंडे आधी दिली असता परके अर्बुद नाहीसे होण्याऐवजी अधिक जोमाने वाढते. प्रतिपिंड अर्बुदाच्या खुणा झाकून टाकते आणि पेशीजन्य प्रतिकाराला शत्रू दिसेनासा होतो, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले. इंगेगर्ड व कार्ल हेलश्ट्रोम ह्या दांपत्याने १९६० च्या दशकाअखेर रक्तरसातील अशा ‘अवरोधक’ घटकांचा पाठपुरावा केला. पुढे त्यांत नुसत्या प्रतिपिंडापेक्षा प्रतिजन व प्रतिपिंड ह्यांच्या संयुगांचा भाग अधिक असावा, असे मत बळावले.

लिंफोमाच्या बाबतीत ह्याच दिशेचा एक शोध स्टॅनफर्ड येथे लागला. झ्वी फुक्स, सॅम्युएल स्ट्रोबर व हेन्री कॅप्लन ह्यांनी १९७६ मध्ये असे प्रसिद्ध केले की, हॉजकिनच्या रोग्यांच्या टी-पेशी प्रयोगनळीत मंद दिसतात, परंतु त्या रोग्याच्या रक्तरसातून काढून वेगळ्या रक्तरसात ठेवल्या असता पुष्कळशा पूर्ववत होतात. पेशी मुळात बिघडलेली नसून तिच्या भोवतालच्या रक्तरसात काहीतरी अडथळा आहे, असा त्याचा अर्थ होता. मात्र रक्तरसातील प्रत्येक अवरोधक घटक म्हणजे प्रतिपिंड नव्हे, हा विवेक येथे ठेवणे अगत्याचे आहे. ह्या क्षेत्रातील कित्येक घाईची अनुमाने ह्याच विवेकाच्या अभावी मागे घ्यावी लागली.

जेथे प्रतिपिंडाचा दोष निःसंशय सिद्ध झाला, असे एक उदाहरण पूरक-प्रथिनांच्या क्षेत्रातील आहे. १९७२ मध्ये लसीकापेशींच्या सार्कोमाच्या काही रोग्यांत सी-१ ह्या पूरक-प्रथिनाला आवर घालणाऱ्या द्रव्याची तूट आढळली. ह्या तुटीमुळे चेहरा, जीभ, घसा व आतडी ह्यांना एकाएकी सूज येते आणि श्वासमार्ग बंद पडून मृत्यूही ओढवू शकतो. १९८० च्या दशकात कळून आले की, अशा कित्येक रोग्यांत त्या आवर घालणाऱ्या द्रव्याविरुद्धच प्रतिपिंड असते व ते बहुधा विकृत बी-पेशीवंशाचे असते. येथे प्रतिपिंडाने जंतूवर नव्हे, स्वतःच्या पेशीवरही नव्हे, तर प्रतिकारयंत्रणेच्या लगामावरच घाव घातला.

एकविसाव्या शतकात ह्या विचाराला नवे बळ मिळाले. सारा ब्राउन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये थायलंड व तैवान येथील प्रौढांत गॅमा इंटरफेरॉनविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. अशा व्यक्तींना क्षयजंतूंच्या नात्यातील इतर जंतूंचा सर्वांगी संसर्ग होतो व ग्रंथी वाढतात. रूप असे, की वैद्याला क्षय किंवा लिंफोमा ह्यांचीच शंका यावी. २०२० मध्ये पॉल बास्टार्ड व सहकाऱ्यांनी कोविडच्या ९८७ अत्यवस्थ रोग्यांपैकी १०१ जणांत पहिल्या वर्गाच्या इंटरफेरॉनला निष्क्रिय करणारी प्रतिपिंडे असल्याचे दाखविले. १,२२७ निरोगी व्यक्तींत ती केवळ चौघांत आढळली. हे शोध लिंफोमाविषयीचे नाहीत. परंतु ज्या रोगात बी-पेशींची शिस्तच मोडलेली असते, त्या रोगात संसर्गाची प्रवृत्ती केवळ तुटीने घडते असे गृहीत धरू नये, एवढे त्यांवरून निश्चित ठरते. संकेत वाहून नेणाऱ्या द्रव्याविरुद्ध उभे राहिलेले प्रतिपिंड कोणत्याही नेहमीच्या मोजणीत दिसत नाही; ते शोधूनच काढावे लागते.

५. औषध झालेले प्रतिपिंड

१९७५ मध्ये केंब्रिज येथे गेओर्ग केलर व सेझार मिल्स्टाईन ह्यांनी एकाच ठशाचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची रीत शोधली. वाल्डेनश्ट्रोमच्या रोग्यांत जी विकृती होती, तीच आता साधन बनली. १९८० मध्ये बॉस्टनच्या ली नॅडलर व सहकाऱ्यांनी लिंफोमाच्या एका रोग्यावर अशा प्रतिपिंडाचा प्रयोग केला. गुण अल्पजीवी होता, पण मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-२० ही खूण ओळखली गेली. तिच्याविरुद्धचे रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००२ मध्ये बर्ट्रांड कोइफिए व सहकाऱ्यांनी ६० ते ८० वर्षे वयाच्या ३९९ रोग्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. प्रचलित औषधयोजनेने ६३ टक्के रोग्यांत अर्बुद पूर्णपणे हटले होते. रिटुक्सिमॅब जोडल्यावर ते प्रमाण ७६ टक्के झाले आणि दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ५७ वरून ७० टक्क्यांवर गेले. लिंफोमाच्या उपचारात कित्येक वर्षांत असा फरक पडला नव्हता. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने ह्या औषधाची भारतीय प्रतिकृती बाजारात आणली आणि येथील रोग्यांना ते पूर्वीपेक्षा कमी किमतीत मिळू लागले.

ह्या यशाची किंमत समजण्यास मात्र वेळ लागला, आणि त्याचे कारण शरीररचनेतच आहे. सीडी-२० ही खूण विकृत बी-पेशींप्रमाणे निरोगी बी-पेशींवरही असते. पण प्रतिपिंडे प्रत्यक्ष स्रवणाऱ्या प्लाझ्मा-पेशींवर ती नसते. त्यामुळे औषध दिल्यावर रक्तातील बी-पेशी सहा ते नऊ महिने जवळजवळ नाहीशा होतात, तरी जुन्या प्लाझ्मा-पेशी कार्य करीत राहून प्रतिपिंडांची पातळी टिकवून धरतात. आरंभीच्या मोजणीत काही बिघडले आहे असे दिसत नाही. जुनी शिदोरी शिल्लक असते. नवी मिळकत बंद झालेली असते. वारंवार औषध दिलेल्यांत शिदोरीही सरते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथील २११ रोग्यांच्या २०१३ मधील आढाव्यात, उपचारापूर्वी प्रतिपिंडांची पातळी योग्य असलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के रोग्यांत ती पुढे घसरल्याचे दिसले.

मिळकत बंद झाल्याचा पुरावा लसीकरणाने दिला. २००९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत नॉर्वेमध्ये रिटुक्सिमॅब घेतलेल्या लिंफोमाच्या ६७ रोग्यांना लस दिली असता एकाच्याही रक्तात संरक्षक पातळी गाठली गेली नाही. तुलनेसाठी घेतलेल्या ५१ निरोगी व्यक्तींपैकी ४२ जणांत ती गाठली गेली. कोविडच्या लसीबाबतही ह्याचीच पुनरावृत्ती झाली, मात्र पुष्कळ रोग्यांत टी-पेशींचा प्रतिसाद उमटला. हॉजकिनच्या रोग्यांत १९६३ मध्ये दिसलेल्या चित्राच्या हे नेमके उलट आहे: तेथे प्रतिपिंड होते व टी-पेशी मूक होत्या, येथे प्रतिपिंड नाही व टी-पेशी बोलत आहेत.

सर्वांत गंभीर धडा ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूने दिला. हा विषाणू एकदा येऊन गेल्यावर यकृतात गुप्तरूपाने राहतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याला दाबून ठेवते. नेहमीच्या तपासणीत त्याचे पृष्ठभागावरील प्रतिजन सापडत नाही. सापडते ते त्याच्या गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड. हे प्रतिपिंड रक्षक नव्हे, केवळ साक्षीदार आहे. २००९ मध्ये हाँगकाँगच्या विनी यो व सहकाऱ्यांनी दाखविले की, असा साक्षीदार असलेल्या व रिटुक्सिमॅबयुक्त उपचार मिळालेल्या २१ रोग्यांपैकी पाचांत विषाणू पुन्हा जागा झाला. रिटुक्सिमॅबविना उपचार झालेल्यांत एकातही नाही. २०१३ मध्ये अमेरिकन औषध-प्रशासनाने ह्याविषयी सर्वांत कडक स्वरूपाची सूचना औषधावर छापण्यास लावली. कर्करोगातून वाचलेला रोगी यकृताच्या विकाराने दगावणे, हा उपचाराचा पराभव होय. आणि तो एका रक्त-परीक्षेने व विषाणूरोधक गोळीने टाळता येतो.

६. महाराष्ट्र व मराठवाडा

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी वाहिली व १९५२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी तेथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारून अर्बुदाच्या पेशींचा अभ्यास येथील भूमीत रुजविला. त्याच मुंबईत, भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा मेमोरियल ह्यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ह्या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून, बी-पेशीवरील सीडी-१९ ही खूण ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा त्यांच्यावर बसविला जातो आणि त्या परत सोडल्या जातात. प्रतिकारयंत्रणेच्या दोन्ही शाखांचा हा संगम म्हणावा लागेल. परंतु येथेही निरोगी बी-पेशी अर्बुदाबरोबरच बळी पडतात. म्हणून रिटुक्सिमॅबपासून मिळालेला धडा ह्या उपचारातही जसाच्या तसा लागू आहे.

छत्रपती संभाजीनगर येथे (त्या वेळचे औरंगाबाद) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. ‘घाटी’ ह्या नावाने सर्व मराठवाडा त्याचे रुग्णालय ओळखतो. २०१२ मध्ये येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले व त्याला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा लाभला. जालना, बीड, परभणी, हिंगोली येथील रोग्याला प्रत्येक उपचारासाठी परळची वाट धरण्याची निकड त्यामुळे कमी झाली. औषध जवळ आले, त्याबरोबर त्याच्या परिणामांची जबाबदारीही जवळ आली.

वर दिलेल्या इतिहासाचा येथील व्यवहारात अर्थ असा. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप व वजनात घट, ही लक्षणे क्षय व लिंफोमा ह्या दोहोंत सारखीच. आणि क्षय ह्या भागात घरोघर ठाऊक असलेला रोग. अशा वेळी नकारार्थी ट्यूबरक्युलिन परीक्षेवरून ‘क्षय नाही’ असे ठरविणे म्हणजे १९०२ मधील अनुमानावरच थांबणे होय. आणि गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू करणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे सुमारे २ कोटी ९८ लक्ष वाहक होते. बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ह्या विषाणूवरील लस देशभर २०११ च्या सुमारास आली. म्हणजे आज लिंफोमाच्या वयात असलेले बहुसंख्य प्रौढ ह्या योजनेच्या बाहेरचे आहेत. रिटुक्सिमॅब देण्यापूर्वी केवळ पृष्ठभागावरील प्रतिजन नव्हे, तर गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंडही तपासणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. लसी शक्यतो उपचारापूर्वी द्याव्यात. पांडुरोग वाढल्यास तो अर्बुदाने मज्जा व्यापल्याचा की उलटलेल्या प्रतिपिंडाचा, हे कूम्ब्झ परीक्षेने ठरवावे. वारंवार संसर्ग झाल्यास प्रतिपिंडांची पातळी मोजावी. ह्यांपैकी एकही गोष्ट नव्या यंत्राची वाट पाहत नाही. इम्युनोग्लोब्युलिन मात्र सहस्रावधी दात्यांच्या रक्तद्रवापासून काढावे लागत असल्यामुळे महाग असते. ते कोणाला द्यावे ह्याचा निर्णय पातळीबरोबरच संसर्गाचा प्रत्यक्ष इतिहास पाहून करणे येथे अधिकच आवश्यक आहे.

उपसंहार

बेरिंग व कितासातो ह्यांच्या काळी प्रतिपिंड हे एक सद्गुणी द्रव्य होते. ते असणे म्हणजे संरक्षण व नसणे म्हणजे धोका. लिंफोमाच्या अभ्यासाने त्याला मनुष्यस्वभावासारखी गुंतागुंत प्राप्त करून दिली. तेच प्रतिपिंड रक्षक, फितूर, अडथळा, साक्षीदार व शस्त्र ह्या पाचही भूमिकांत दिसते, आणि एकाच रोग्यात त्यांपैकी दोन-तीन भूमिका एकाच वेळी चालू असू शकतात. हॉजकिनच्या सात रुग्णांपासून मुंबईच्या पेशी-उपचारापर्यंतच्या सुमारे दोनशे वर्षांत ज्ञान वाढले ते नवे द्रव्य सापडल्याने जितके, तितकेच जुन्या निरीक्षणाला योग्य प्रश्न विचारल्याने. किती, कशाविरुद्ध व कोठून, हे तीन प्रश्न प्रत्येक रोग्याच्या कागदावर वेगवेगळे मांडले गेले, तर ह्या इतिहासाचे ज्ञान सार्थकी लागले असे म्हणता येईल.